तोंड उघडं राहिलेली गोधडी

हिराबाय, जायच्या आधी निदान एवढं तरी सांगून जायचं होतंस, की ही गोधडी कोणाची.

कुसुमताई म्हणाल्या, "तुमची मैत्रीण होती, चार ओळी लिहून द्या, प्रदर्शनात वाचून दाखवू." महिला मंडळाच्या चिटणीस त्या, त्यांना नाही कसं म्हणायचं? म्हणून दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना कागद घेऊन बसले. ‘श्रीमती हिराबाई यांचा जन्म’ एवढं लिहिलं आणि थांबले. तुझा जन्म कधीचा हे तुलाच ठाऊक नव्हतं, मला कुठून असणार? खोडलं. मग ‘त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या’ असं लिहिलं आणि मला हसूच आलं. तू आणि मनमिळाऊ. अख्ख्या पनवेलच्या बाजारात तुझ्या वालाच्या पाटीपुढे घासाघीस करायची कोणाची टाप नव्हती. तेही खोडलं. शेवटी म्हटलं, जिच्याविषयी लिहायचं तिलाच लिहावं. कुसुमताईंना काय द्यायचं ते नंतर बघू.

तर ऐक. गोधडी माझ्या मांडीवर आहे. उद्या सकाळी कुसुमताई ती न्यायला येणार आहेत आणि परवा शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. त्या म्हणतात, "हिराबाईंची शेवटची गोधडी, यंदा पहिला नंबर त्यांचाच." इतक्या वर्षांत तुला पहिला नंबर कधी मिळाला नाही, तो आता मिळेल. पण तू या गोधडीचा एक कोपरा शिवलेलाच नाहीस. मूठ आत जाईल एवढं तोंड उघडं आहे. अर्धवट वस्तू प्रदर्शनात घेत नाहीत. कुसुमताई म्हणाल्या, "मग चार टाके घाला की तुम्ही, त्यात काय मोठंसं?" त्यात काय मोठं आहे ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच सुई हातात घेववत नाही.

तू ती आणून दिलीस तो दिवस आठवून आठवून माझं डोकं भणभणलं आहे. तो बाजाराचा दिवसही नव्हता. तू नेऱ्याहून चालत आलीस, वाटेत बांधाबांधावर बसत आली असणार, कारण दुकानाची पायरी चढताना तुला धाप लागली होती. मी म्हटलं, "आता एसटी आहे ना, चालत कशाला आलीस?" तर म्हणालीस, "तिच्यात गाठोड्याला कोनपन हात लावतंय." पाणी प्यायलीस. गाठोडं माझ्या पेटीवर ठेवलंस. "ठेव तुझ्याकडं, माझ्या घरात उंदीर हाय," एवढं बोलून उठलीस.

मी काहीच विचारलं नाही. विचारायचं काय होतं? दरवर्षी प्रदर्शनाच्या आधी तू तुझी गोधडी माझ्याकडेच आणून ठेवायचीस. उंदरांची थट्टाही आपली जुनीच. दारात मात्र तू जरा थांबलीस. "उघडून बग," म्हणालीस. मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, "बघते गं सावकाश." लग्नाचे ब्लाऊज द्यायचे होते त्या दिवशी. तू गेलीस आणि गाठोडं पेटीवर राहिलं.

मग तुझी छाती भरली म्हणून कानावर आलं. दोन दिवस धरेल, सुटेल, असं मी ह्यांना म्हटलंदेखील. नेऱ्याचा माणूस दुकानात आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी दहाव्याला आले. तुझी गुलाब बायकांच्या घोळक्यात, कोपऱ्यात पदर घेऊन बसली होती. तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरी येऊन मी गाठोडं सोडलं आणि खरं सांगते, हिराबाय, रडायच्या आधी मला तुझा राग आला.

कारण गोधडी नव्या कापडाची होती. कोऱ्या पॉपलिनची, निळ्या नि पांढऱ्या चौकटींची, रांगेला रांग जुळवलेली, कडेला बारीक निळी पट्टी. नव्या कापडाच्या गोधडीला तू आयुष्यभर नावं ठेवलीस. "ती गोधडी नाय, ती चादर," म्हणायचीस. ही दुसऱ्या कोणाची तर नाही ना, म्हणून मी ती उजेडात धरली. पण टाके तुझेच. एक लांब, एक आखूड, परत एक लांब. तुझा धावदोरा मी अंधारातही हात फिरवून ओळखीन. कापड माझ्या पद्धतीचं, रंग माझ्या आवडीचे, टाके तुझे. ही थट्टा होती का? की इतक्या वर्षांनी तू हार मानलीस? आणि मानलीस तर मला सांगायचं नाही?

आपलं भांडण सुरूच मुळी कापडावरून झालं. कंट्रोलचे दिवस होते. माणसाला अंगभर कापड मिळायची मारामार, आणि आमच्या टेलरिंगच्या दुकानात मी नुकतीच लग्न होऊन आले होते. ह्यांनी कातरण एका पोत्यात भरून ठेवलं होतं, ते उशांत भरायला. तू आत आलीस, पाटी खाली ठेवलीस आणि पोत्यात हात घालून चिंध्या निवडायला लागलीस, जणू तुझ्याच बापाचं दुकान. हे म्हणाले, "ओ बाई, काय चाललंय?" तू मान वर न करता म्हणालीस, "उशीला कशाला पायजे चांगलं कापड? उशीला भाताचा पेंढा घाला." मग माझ्याकडे बघून, "ही नवी टेलरीन काय? घाटावरची दिसतंय. वाल खातंस काय गं?" त्या दिवसापासून मी तुझी टेलरीण. बाजाराच्या दिवशी तू वाल ठेवून जायचीस आणि चिंध्या घेऊन जायचीस. ह्यांच्या उशा मात्र अजूनही पेंढ्याच्याच आहेत.

चिंध्या वर लावायच्या, आत मात्र तुझ्याकडे जुनी लुगडीच. सासूचं, आत्याचं, शेजारणीचं. कोणी गेलं की तिचं एखादं लुगडं तुझ्या घरी यायचं आणि गोधडीत जायचं. तुला ते आवडायचं. मला नाही. मी शिवणकामातली आहे, मला कापड कोरं लागतं. मला मुदतीचा ताप आला होता, तेव्हा तू नेऱ्याहून तुझी गोधडी घेऊन आलीस. माझ्या अंगावर घातलीस आणि वर सांगायला लागलीस, "ही माजी सासू, हा काठ आत्याबायचा." मी तापात होते. मी ती बाजूला सारली. म्हटलं, मेलेल्या बायका अंगावर घेऊन मला झोप यायची नाही. घडी केलीस, बाजूला ठेवलीस आणि माझे पाय चेपत बसलीस, संध्याकाळची दिवेलागण होईपर्यंत. त्यावर आपण परत कधी बोललो नाही. मला अजूनही वाटतं की मी काही चुकीचं बोलले नाही. ज्याला जे सोसत नाही ते नाही. पण एवढं घरचं काम टाकून, चालत येऊन पाय चेपणारं दुसरं कोणी माझ्याकडे नव्हतं, हेही तेवढंच खरं.

आता तोंडाचं. ते मी पहिल्यांदा बघितलं तुझ्या अंगणात, गुलाबच्या लग्नात. मोऱ्याला दिली तिला, धक्क्याजवळच्या घरात. कोवळी पोर होती, माझ्या खांद्याला लागत होती. तिच्याबरोबर द्यायची गोधडी तू अंगणात पसरलीस. सगळी शिवून झाली होती, फक्त एक कोपरा उघडा. तू गुलाबला हाताला धरून आणलंस, तिच्या हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा दिलास. तिने अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा त्या कोपऱ्यातून आत घातला. मग तू तोंड शिवलंस. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "ज्याची गोधडी त्यानं तिला घास द्यायचा. उपाशी ठेवून तिच्याकडनं काम करून घ्यायचं काय जन्मभर?" तुमच्या घरात आजीपणजीपासून असंच चाललेलं. मला तेव्हा गंमत वाटली होती. गुलाब मात्र तो तुकडा आत घालताना जी रडायला लागली ती गाडीत बसेपर्यंत थांबली नाही.

त्या तुकड्याने पुढे काय उच्छाद मांडला, आठवतं ना? मंडळाने पहिल्यांदा गोधड्यांची स्पर्धा ठेवली तेव्हा मीच तुला ओढून नेलं. तुझी गोधडी बघून बायका थक्क झाल्या. हॉलमध्ये दोऱ्या बांधून सगळ्या गोधड्या टांगल्या. सकाळी येऊन बघतो तर उंदरांनी तुझा कोपरा कुरतडून भाकरी पळवली होती, आणि जाता जाता शेजारचं मामलेदारांच्या बायकोचं विणलेलं तोरणही चाखून बघितलं होतं. मामलेदारीणबाई लाल झाल्या. कुसुमताईंना घाम फुटला. आणि तू पदराने तोंड दाबून म्हणालीस, "तिचं पोट भरलेलं होतं म्हनून उंदराला कळलं. तुमच्या बाकीच्या सगल्या उपाशी हायेत." पुढच्या वर्षापासून नियम झाला, की गोधडीत खाण्याची कसलीही वस्तू चालणार नाही. कुसुमताई स्वतः एकेक कोपरा बोटांनी चाचपून आत घ्यायच्या, पोलिसासारख्या.

बरं, मग तू थांबावंस. पण नाही. एका वर्षी तांदळाचे दाणे घातलेस, ते त्यांच्या बोटांना लागले. दुसऱ्या वर्षी तीळ, तेही लागले. तुझी गोधडी दारातून परत आली आणि मी पहिला नंबर घेऊन घरी. मग एका वर्षी तू एकच दाणा घातलास. कोलमाचा, बारीक. कुसुमताई चारी कोपरे चाचपतायत, तू माझ्याकडे बघतेस आणि मी छताकडे. नाही सापडला. तिसरा नंबर आला तुला. परत येताना गाढी नदीच्या पुलावर आपण दोघी इतक्या हसलो की एक सायकलवाला थांबून विचारायला लागला, काय झालं म्हणून. माझ्या आयुष्यात मी तेवढं परत हसलेली नाही. पहिल्या नंबरांच्या दिवशीही नाही.

आणि माझे पहिले नंबर तुझ्या डोळ्यांत खुपायचे, असं मी मानायचे. आता तेही कळेनासं झालं आहे. सूर्यफुलांची गोधडी आठवते? पिवळं साटीन, मशीनवर शिवलेली, सगळ्यात वर टांगली होती. लोक मागे सरून सरून बघत होते. तू अगदी जवळ गेलीस, हात लावलास आणि मला विचारलंस, "ही कोनाची?" मी म्हटलं, माझी, म्हणजे मी केली. तू म्हणालीस, "केलीस तू, ता कळलं. पन कोनाची हाय? अंगावर कोन घेनार?" मी म्हटलं, कोणी नाही, ही प्रदर्शनाची आहे, बघायची. तू तिच्यावरून हात फिरवत म्हणालीस, "मंग थंडीनं मरंल बिचारी."

मला ते लागलं होतं. अजून लागतं. हौसेने केलेली वस्तू नुसती बघायला असली तर काय बिघडलं? देवापुढची रांगोळी कोण अंगावर घेतं? मी हे तुला म्हटलं होतं आणि तू म्हणाली होतीस, "रांगोली पुसून टाकतांव ना आपन. तुजी ती पेटीत घालून ठेवतंस." यावर काय बोलायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही. आज एक उत्तर सुचलं आहे, पण आता ते कोणाला सांगू? पेटीत माझ्या सगळ्या पहिल्या नंबरांच्या गोधड्या आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. तू तुझं गाठोडं त्याच पेटीवर ठेवून गेलीस.

म्हणून विचारते, की ही कोणाची. प्रदर्शनाची असेल तर तू पहिल्यांदाच कोणाची नसलेली गोधडी शिवलीस, आणि घास द्यायला कोणी नाही म्हणून तोंड तसंच ठेवलंस. मग कुसुमताई म्हणतात तसं चार टाके घालून मी ती देऊन टाकावी, आणि परवा तुझं नाव पहिल्या नंबराला वाचलं जाईल. ते मला हवं आहे. तुझ्या नंतर का होईना, हवं आहे. पण प्रदर्शनाची नसेल तर? दिवाळीच्या सुमारास तू मला दुकानातल्या चटईवर आडवं व्हायला लावलं होतंस. "नीज जरा. गुलाबची शिवायची हाय. ती तुझ्याएवढीच, मोऱ्याला कुठं जाऊ मोजायला?" डोक्यापासून पायांपर्यंत वितीने मोजलंस, वर एक वीत पायाखाली खोचायला. तुझी मापं अशीच, माणूस आडवं पाडून. मघाशी मी वितीने ही गोधडी मोजली. तेच माप आहे. म्हणजे गुलाबची. म्हणजे घास गुलाबचा, आणि तिच्या आधी मी तोंड शिवलं तर माझ्यासारखी कमनशिबी मीच. पण मग ती माझ्याकडे का आणलीस? सरळ लेकीला का नाही दिलीस? आणि लेकीला कोरं कापड कशाला, ती तर तुझ्या जुन्या लुगड्यांतच वाढली?

काही कळत नाही. कागद संपला. उद्या कुसुमताई यायच्या आधी काहीतरी ठरवायला हवं.

*

काल इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आज पुढचं सांगते, म्हणजे तुला माहीत असेलच, पण तरी.

सकाळी हे दुकानाच्या फळ्या काढत होते तेव्हा गुलाब आली. कुसुमताईंनीच निरोप धाडला होता, की आईचं नाव पहिल्या नंबराला वाचायचंय, ये. मोऱ्याहून पहिल्या एसटीने आली. मी शिलाईच्या फळीमागून बघते तर दारात एक बाई वाकून आत येतेय. आमच्या दुकानाच्या चौकटीला कोणी बाई वाकत नाही, हिराबाय. मी तर हात वर केला तरी लागत नाही. गुलाब वाकली, आत येऊन सरळ उभी राहिली आणि मी तिच्या तोंडाकडे मान वर करून बघतच राहिले.

"काय झालं, टेलरीनमावशे?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "तू केवढी उंच झालीस."

"लग्न झाल्यावर वाढलेय. आय मला ताड म्हनायची. म्हनायची, तुजी गोधडी शिवायची म्हनजे दोन गोधड्यांचं काम हाय."

"दहाव्याला तू बसलेली होतीस म्हणून मला कळलं नाही," असं काहीतरी मी तिला बोलले. तिला काय समजणार? मी गोधडी काढली आणि तिला म्हटलं, ही तुझी आहे का बघ. तिने ती पाहिली आणि ओळखली. "कापड मीच आनलं. मुंबईला गेलते तेव्हा, लाँचनं. आयनं सांगितलेलं, निलं नि पांढरं, कोरं, अजिबात डाग नको, आनि टेलरीनला बोलू नको. मला वाटलं परदर्शनासाठी असंल." मग तिने गोधडी झटकली आणि स्वतःच्या अंगाला लावून पाहिली. खालचं टोक तिच्या गुडघ्यांच्या जरा खाली येऊन थांबलं. "ही माजी कशी असंल? आयचं माप कवा चुकलंय?"

हे मशीनमागून बघत होते. गुलाबने माझ्याकडे पाहिलं, मग गोधडीकडे. पुढे आली, आणि गोधडी माझ्या डोक्यावरून पदरासारखी मागे सोडली. मागे वळून बघितलं तर टोक जमिनीवर लोळत होतं. गुलाब खाली बसली आणि हात लावून म्हणाली, "एक वीत. पायाखाली खोचायला."

कोरं कापड, हिराबाय. अजिबात डाग नको. कोणाचंही लुगडं नको, सासूचं नको, आत्याबायचं नको. इतकी वर्षं तू ते मनात ठेवलंस आणि मला वाटत होतं की तू विसरलीस. मी तिथेच, डोक्यावर गोधडी घेऊन, लहान पोरीसारखी रडले. दहाव्यालाही मला एवढं रडू आलं नव्हतं.

मग कुसुमताई आल्या. सवयीने त्यांचा हात आधी कोपऱ्यांकडे गेला. उघडं तोंड बघून म्हणाल्या, "अजून नाही शिवलंत? बरं, ही कोणाची म्हणून लावू? हिराबाईंची ना?"

मी म्हटलं, "शिवली तिनं. माझी आहे ती."

"तुमची कशी?"

"माझी म्हणजे माझी. मी अंगावर घेणार आहे. ती प्रदर्शनाला येणार नाही."

कुसुमताईंना वाटलं मला वेड लागलंय. "अहो, पहिला नंबर आहे. सगळं ठरलंय. त्यांच्या लेकीला बोलावलंय मी." मी गुलाबकडे पाहिलं. तिच्यासाठी मला फार वाईट वाटलं. पहिल्या एसटीने आली होती पोर, आईचं नाव ऐकायला. ती म्हणाली, "नाव वाचलं असतं तर बरं वाटलं असतं." आणि थोड्या वेळाने, "पन आयला कुनी विचारलं असतं, तर तिनंपन नायच सांगितलं असतं." कुसुमताई हात हलवत निघाल्या. पायरीवरून वळून म्हणाल्या, "निदान त्या चार ओळी तरी द्या, त्या तरी वाचू." तेवढं मी कबूल केलं. तुझं नाव वाचलं जाईल, गुलाब ते ऐकेल. नंबर नसेल. त्याबद्दल तुझी लेक मला माफ करेल की नाही, ठाऊक नाही.

त्या गेल्यावर गुलाबने तिची पिशवी सोडली. वाटेत खायला म्हणून तिने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून आणली होती. तांदळाचीच भाकरी, तुझ्या हातची नाही, पण तुझ्याच हाताखाली शिकलेल्या हातची. तिने एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. मला सगळं माहीतच होतं. अर्धा मी खाल्ला. अर्धा त्या तोंडातून आत सारला, कोपऱ्यात पार टोकापर्यंत. मग हाताने शिवलं, मशीनवर नाही. एक लांब, एक आखूड करायला गेले, ते काही जमलं नाही. टाके वाकडे आले आहेत. बघितलेस तर नावं ठेवशील. ठेव.

कापडाचं मला कळलं. बाकीचं अजून कळलेलं नाही. उरात धाप असताना तू लेकीसाठी न शिवता माझ्यासाठी का शिवत बसलीस? गुलाबची म्हणून खोटं का सांगितलंस? सरळ ‘टेलरीन, ही तुझी’ म्हणाली असतीस तर मी नको म्हटलं असतं, अशी भीती होती का तुला? म्हटलं असतं का मी? माहीत नाही. त्या दिवशी दारात थांबून ‘उघडून बग’ म्हणालीस तेव्हा मी उठून गाठोडं सोडलं असतं तर तू घास माझ्या हातात दिला असतास आणि तोंड स्वतः शिवलं असतंस. तेवढ्यासाठीच चालत आली होतीस ना? एसटीत कोणाचा हात लागू नये म्हणून? याचं काय करायचं ते मला सुचत नाही, आणि कोणाला विचारताही येत नाही.

गुलाबला मी पेटी उघडून दिली. सूर्यफुलांची घेऊन नेऱ्याला गेली ती, उद्या हॉलवर येईल. आधी अंगाला लावून पाहिली, पायांपर्यंत पुरली. मी प्रदर्शनासाठी मोठी केली होती, लांबून दिसावी म्हणून. कडेची शिवण उसवून, भाकरीचा तुकडा घालून, इथेच बसून परत शिवून घेतली तिने. त्या पेटीत आणखी आहेत. हे म्हणाले, "मला एक दे की, पेंढ्याच्या उशीवर जन्म गेला." देईन म्हणते. उंदरांचं काय करायचं ते मग बघू.

कुसुमताईंच्या चार ओळी अजून व्हायच्या आहेत. कागदावर ‘श्रीमती हिराबाई’ एवढंच आहे, बाकी सगळं खोडलेलं. सकाळी लवकर उठून लिहीन. पनवेलची थंडी ती केवढी, घाटावरची असून कुडकुडतेस, असं म्हणून तू मला नेहमी हसायचीस, पण आज खरंच थंडी आहे, हिराबाय. मी निजते आता.